पहिली गाडी कोणती घ्यावी, हे विचारण्याआधी

परवा रात्री नऊच्या सुमारास भाच्याचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"मामा, बाबा गाडी घेऊन देऊन रायले. कोनती घेऊ, सांगा."

"तुले चालवता येते का?"

"हे काय विचारनं झालं मामा? दोन वर्षांपासून चालवून रायलो ना मी."

भाचा मागच्या महिन्यात अठराचा झाला. म्हणजे गाडी तो सोळाव्या वर्षापासून चालवतोय, बिनालायसन. आणि मंडळी, त्याच्या हातात पहिल्यांदा किल्ली कोणी दिली? मीच दिली.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. बहीण माहेरी आली होती. पाहुणे बसलेले, चहाला दूध नाही. मी म्हटलं, "जाय रे, कोपऱ्यावरून पिशवी घेऊन ये," आणि माझ्या शंभर सीसीची किल्ली त्याच्याकडे फेकली. पंधरा मिनिटांनी शेजारचे दोघं त्याला धरून घरी घेऊन आले. एका बांधकामाची खडी रस्त्यावर सांडलेली होती, त्या वळणावर त्याने घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. गळ्याजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. दुधाची पिशवी रस्त्यावर फुटली, ती वेगळीच.

आता खरी लाजेची गोष्ट सांगतो. त्याच वर्षी मी बातमी केली होती, "अल्पवयीन मुलांच्या हाती दुचाकी, पालक बेफिकीर". बेफिकीर पालकांमध्ये मी स्वतः होतो, ते त्या बातमीत लिहिलं नाही. आज लिहितोय.

वीस वर्षांच्या वर झाले बातम्या देऊन. अपघाताची बातमी आम्हाला पाठ असते. भरधाव वाहनाची धडक, दुचाकीस्वार जागीच ठार, एक गंभीर, सर्वोपचार रुग्णालयात दाखल, पुढील तपास पोलीस करीत आहेत. सात-आठ ओळी. मरणाऱ्याचं वय पाहा, बहुतेक वेळा अठरा ते तीसमधलं असतं. पण त्या सात-आठ ओळींत एक गोष्ट कधीच नसते : या पोराला गाडी कोणी शिकवली होती?

केंद्राचीच आकडेवारी आहे. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातले ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे. हेल्मेट नव्हतं म्हणून नोंद झालेले मृत्यू पन्नास हजारांच्या वर, आणि त्यात मागे बसलेलेही १४ हजारांहून जास्त. पन्नास हजार म्हणजे आपल्या मूर्तिजापूरसारखं एखादं अख्खं गाव. दरवर्षी.

आपल्याकडे चारचाकी शिकवतात. क्लास लावतात, गाडीवर बोर्ड असतो, पंधरा-वीस दिवस गुरुजी शेजारी बसतो, त्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. दुचाकी मात्र शिकवत नाहीत, ती "येते". मावसभाऊ मागे बसतो, "क्लच हळू सोड, रेस दे, हां, झालं" म्हणतो. दोन चकरा झाल्या की पोरगं शिकलं. मीही असाच शिकलो, नव्वदच्या दशकात, काकाच्या राजदूतवर, पऱ्हाटी निघालेल्या वावराच्या धुऱ्याने. गाडी सुरू कशी करायची ते काकाने दाखवलं. थांबवायची कशी, ते कोणीच दाखवलं नाही. ते मी एका बाभळीपाशी शिकलो.

आणखी एक पाहिलंय. मुलीला स्कूटी घेतली की बाप पंधरा दिवस मागे बसतो, "बेटा हळू, बेटा ब्रेक" करत कॉलनीत फिरवतो. मुलाला गाडी घेतली की शोरूममध्ये नारळ फुटतो, फोटो निघतो आणि तो थेट मित्राला मागे बसवून हायवेला लागतो. मुलाला शिकवायची गरज नाही, हे कोणी ठरवलं?

हे वाचून कोणी म्हणेल, पत्रकार साहेब गाड्याच बंद करा म्हणतात. नाही राजेहो. गावाकडून अकोल्यात शिकायला येणाऱ्या पोराचं मला माहीत आहे. सकाळची एसटी चुकली की दिवस गेला. संध्याकाळची मिळाली नाही तर मुक्काम कोणाच्या खोलीवर. त्याच्यासाठी गाडी चैनीची गोष्ट नाही, ते त्याचं कॉलेज आहे, नोकरी आहे, बापाला दवाखान्यात न्यायची सोय आहे. गाडी घ्याच. पण आधी शिका, मग घ्या. आपण नेमकं उलटं करतो.

म्हणून भाच्याला जे सांगितलं, ते इथे लिहून ठेवतो. दुसऱ्या कोणाच्या भाच्याच्या कामी येईल.

पहिली गोष्ट, कागद. गिअरच्या गाडीला अठरा वर्षं पूर्ण लागतात. सोळाव्या वर्षी मिळतं ते पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचं. आजच्या बहुतेक स्कूटर शंभर सीसीच्या वर आहेत, म्हणून "स्कूटीच तर आहे" हे चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. दुधाच्या पिशवीसाठी मी केवढा जुगार खेळलो होतो, ते मला नंतर वाचून कळलं.

लर्निंग लायसन सहा महिने चालतं आणि पक्क्यासाठी किमान तीस दिवस थांबावं लागतं. हे तीस दिवस शिकण्यासाठी दिलेले आहेत, आपण ते तारीख येईपर्यंत काढतो. लर्निंगची परीक्षा आता घरबसल्या देता येते. पण खरं सांगा, तुमच्या पोराची ती परीक्षा त्यानेच दिली का? पंधरापैकी नऊ उत्तरं बरोबर लागतात, तेवढीही दुसऱ्याने दिली तर रस्त्यावरची खूण त्याला कोण सांगेल? लर्निंगवर असताना पुढे-मागे लाल अक्षरातला एल लावायचा आणि मागे फक्त शिकवणारा बसवायचा, मित्र नाही, हाही नियमच आहे.

विम्याचंही समजून घ्या. नव्या दुचाकीला २०१८ पासून पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सोबतच येतो. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमाही असतो, पण त्याला चालू लायसन लागतं. बिनालायसनच्या पोराने कोणाला उडवलं तर कंपनी जखमीला पैसे देऊन ते गाडीमालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे बापाच्या वावराकडून.

दुसरी गोष्ट, जागा आणि वेळ. शिकायला गांधी चौक किंवा टिळक रोड नको. शहराच्या कडेला नवीन लेआउट पडलेत, रस्ते झालेत पण घरं नाहीत. सकाळी सहा ते साडेसात तिथे जा. उन्हाळ्यात तर त्यानंतर तसंही डोकं तापतं.

तिसरी गोष्ट, थांबणं. सुरू करायच्या आधी थांबायला शिका. आपल्याकडे एक समज घट्ट बसलाय, "पुढचा ब्रेक मारला की पलटी". म्हणून निम्मे लोक जन्मभर फक्त पायाचा ब्रेक वापरतात. खरं असं आहे की ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवायची जास्त ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. नुसत्या मागच्याने गाडी लांब घसरत जाते. दोन्ही ब्रेक सोबत, हँडल सरळ, पुढचा ब्रेक लिंबू पिळल्यासारखा हळूहळू वाढवत दाबायचा, झटका द्यायचा नाही. वळणावर, रेतीवर, खडीवर मात्र पुढचा जोरात नाही. तिथे वळणाच्या आधीच वेग कमी करायचा. माझ्या भाच्याला हे एक वाक्य कोणी सांगितलं असतं तर त्याचं हाड वाचलं असतं. सांगायचं मीच होतो.

चुन्याची रेघ मारा. आधी वीसच्या वेगाने येऊन रेघेवर थांबा, मग तीस, मग चाळीस. हिशेब असा आहे. चाळीसच्या वेगात गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. समोरचं दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा, मग कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी नऊ-दहा मीटर. म्हणजे वीस मीटर. ऐंशीला तो एक सेकंदच बावीस मीटर खातो, आणि ब्रेकचं अंतर दुप्पट न होता चौपट होतं. सगळे मिळून साठ मीटरच्या आसपास. गाईला, ट्रॅक्टरला, शाळेच्या पोराला तुमचा वेग कळत नाही. त्यांना वाटतं, अजून लांब आहे.

चौथी गोष्ट, हळू चालवणं. वेगात गाडी कोणीही चालवतो, वेगात ती आपोआप सरळ राहते. कसब हळू चालवण्यात आहे. पाय न टेकवता चालत्या माणसाच्या वेगाने जाऊन दाखवा. आठच्या आकड्यात फिरवा. क्लच अर्धा, मागचा ब्रेक किंचित, नजर खड्ड्यात नाही, जायचं तिकडे. हे पक्कं झालं की जुन्या शहरातल्या गल्लीत समोरून कावड आली तरी घाबरायला होत नाही.

पाचवी गोष्ट, आपला मुलूख. पुस्तकात वऱ्हाडचा रस्ता नाही, तो आपण शिकवायचा. पावसाळ्यात वावरातून निघालेला ट्रॅक्टर चाकाची काळी माती अर्धा किलोमीटर डांबरावर सांडत जातो. ओली झाली की ती साबण होते. सोयाबीनच्या दिवसांत लोक रस्त्यावर दाणे वाळू घालतात, त्यावर टायर धरत नाही. रात्री बैलगाडी आणि ट्रॉली, मागे लाल कागदसुद्धा नाही. समोरच्या गाडीचा फोकस डोळ्यावर आला की रस्त्याच्या डाव्या कडेकडे पाहायचं आणि वेग तोडायचा, कारण त्या अंधारात हमखास काहीतरी उभं असतं.

आणि आपला हायवे. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते माना दरम्यान ७५ किलोमीटरची सलग एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी करून गिनीजमध्ये नोंद झाली, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. अभिमान मलाही आहे. त्याआधी त्या रस्त्याने आपली पाठ किती वर्षं मोडली, तेही आठवतं. पण खड्ड्यांचा रस्ता पोरांना चाळीसवर रोखून धरायचा, हा गुळगुळीत रस्ता शंभरवर नेतो. गावाच्या फाट्यावरून उलट्या बाजूने येणारे ट्रॅक्टर मात्र तेच आहेत. रस्ता नवा झाला, आपण जुनेच आहोत. म्हणून नवशिक्याने पहिले तीन महिने हायवेवर एकट्याने जाऊ नये, रात्री तर नाहीच. ट्रक शेजारून गेला की हवेचा झोत गाडीला आधी ढकलतो, मग ओढतो. तो अनुभव कोणीतरी सोबत असताना घ्यावा.

आता भाच्याचा खरा प्रश्न. कोणती गाडी?

जावईबापूंनी दोन लाखांपर्यंतची तयारी ठेवलीय. सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे दोन लाखांत आता आणखी मोठी गाडी बसते. भाच्याच्या मोबाईलमध्ये रील्स आहेत, मित्राकडे दोनशे सीसी आहे. त्याला मी चार प्रश्न विचारले.

एक, बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का? नुसती बोटं टेकत असतील तर ती गाडी आज तुझी नाही.

दोन, आडवी पडली तर एकट्याने उचलशील का? स्प्लेंडरसारखी गाडी ११२ किलोच्या आसपास असते, बुलेटच्या घराण्यातली क्लासिक ३५० सुमारे १९५ किलो. फरक ८३ किलोचा, म्हणजे एक पूर्ण माणूस जास्त. चौकात तोल गेला तर तो माणूस तुझ्या पायावर पडेल.

तीन, रोज किती जाणार? कॉलेज पंचवीस किलोमीटर, जाऊन-येऊन पन्नास, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर साडेबाराशे किलोमीटर. साठचा ॲव्हरेज देणाऱ्या गाडीला एकवीस लिटर लागतील, पस्तीसच्या गाडीला छत्तीस. पंधरा लिटरचा फरक. पेट्रोल शंभराच्या वर, म्हणजे महिन्याला दीड हजार. हप्ता बाबा भरतीन, पेट्रोल कोण भरन?

चार, ती बिघडली तर गावाच्या स्टँडवरचा मिस्त्री तिला हात लावतो का, की प्रत्येक वेळी अकोल्याला टेम्पोत घालून आणावी लागते?

माझं मत साधं आहे. पहिली गाडी शंभर ते सव्वाशे सीसीची, हलकी, आणि शक्य असेल तर जुनी. पहिल्या वर्षी गाडी पडणारच. नवी पडली की पोरगं गाडीकडे पाहतं, जुनी पडली की चुकीकडे पाहतं. सव्वाशे सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस आहे, चाक जाम होऊ देत नाही. त्याखालच्यांना निदान सीबीएस असतो, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. शक्यतो २०१९ नंतरची पाहा. जुनी घेताना आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळवा, बँकेचा बोजा उतरला का पाहा, चलन थकलं नाही ना ते मोबाईलवर तपासा, पुढच्या शॉकअपमधून तेल गळत नाही ना आणि हँडल वाकडं नाही ना हे मिस्त्रीला दाखवा. आणि गाडी नावावर करून घ्या. "एमएच-३० आहे, ओळखीतली आहे, नावाचं पाहू नंतर" यात किती लोक कोर्टाच्या पायऱ्या चढले, ते मी पाहिलंय.

दोन लाखांतले उरलेले पैसे बँकेत ठेवा. दोन वर्षांनी पोरगं शाबूत असेल, हात बसलेला असेल, तेव्हा हौसेची घ्या. तेव्हा मी स्वतः नारळ फोडीन.

हेल्मेटचं शेवटी सांगतो, कारण आधी सांगितलं असतं तर निम्म्यांनी वाचणं सोडलं असतं. "शहरात कायले पायजे?" हे मी रोज ऐकतो. भाचा पडला तो घरापासून चारशे मीटरवर. डोकं आपटलं नाही, ही त्याची अक्कल नव्हे आणि माझी तर नाहीच, नशीब होतं. आयएसआय मार्क आणि आयएस ४१५१ पाहून घ्या, रस्त्याच्या कडेचं टोपलं नको. घट्ट बसलं पाहिजे, पट्टा लावला पाहिजे. आरशाला लटकवलेलं हेल्मेट फक्त आरशाला वाचवतं. पंचेचाळीस डिग्रीत त्रास होतो, मान्य. फिका रंग, हवेची भोकं असलेलं घ्या, आत पातळ सुती दुपट्टा बांधा. नव्या गाडीसोबत हेल्मेट देणं केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे, ते मागून घ्या. आणि मागे बसणाऱ्या आईचं डोकं वेगळ्या मातीचं नाही, तिच्यासाठी दुसरं घ्या.

एवढं सगळं घराघरांत होईल का? सगळीकडे नाही होणार. ज्याच्या घरी सांगणारा मामा नाही, त्याचं काय? म्हणून काही मागण्या जाहीरपणे करतो.

शहरात एक मोकळं मैदान रविवारी सकाळी दोन तास दुचाकी शिकणाऱ्यांसाठी राखून ठेवा. रेघा आखायला चुनाच लागतो, टेंडर नाही. कॉलेजांनी जूनमध्ये प्रवेशाच्या वेळीच लर्निंग लायसनचं शिबिर आणि अर्धा दिवस ब्रेकचा सराव ठेवावा. एनएसएसची पोरं रस्ते झाडतात, हेही करतील. शोरूमवाल्यांनी नारळ-फोटोसोबत एक तास गाडी समजावून द्यावी. ग्रामपंचायतींनी रस्त्यावरचं खळं आणि बिनादिव्याची ट्रॉली हा गावाचा प्रश्न मानावा. हेल्मेटच्या मोहिमा होतात, चार दिवस पावत्या फाटतात, पाचव्या दिवशी सगळं तसंच. पावतीने माणूस चौकापुरता भितो. शिकवलेलं मात्र अंगात राहतं.

तर भाच्याला मी सांगितलं, रविवारी सकाळी सहाला ये, एल लावून, हेल्मेट घालून. महिनाभर माझ्या गाडीवर. मग खरेदी.

"मामा, दोस्त हासतीन ना."

"हासू दे. सहा आठवडे हात गळ्यात होता, तेव्हा कोण आलं होतं आंघोळ घालाले?"

रविवारी आला. थोडा फुगून आला होता. मी चुन्याची रेघ मारली आणि म्हटलं, तीसच्या वेगाने ये, रेघेवर थांब. पहिल्या खेपेला तो रेघेच्या तीन गाड्या पुढे जाऊन थांबला. दुसऱ्या खेपेलाही पुढेच. मागे वळून रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मामा, मले तं वाटे, मले येते गाडी."

पुन्हा म्हणाला, "अजून एकदा." तेवढ्या सकाळी त्याने बावीस वेळा ती रेघ गाठली. शेवटच्या पाच खेपा रेघेच्या अलीकडे थांबला.

तुमच्याही घरी या महिन्यात नवी गाडी येणार असेल. शोरूममध्ये जायच्या आधी चुन्याची एक पुडी घ्या. वीस रुपये लागतात.